खूण कुठे ठेवावी

कॅसेट हातात घ्या. व्हीसीआरमध्ये लगेच घालू नका. तिचं वजन आधी हाताला कळू द्या. काळं प्लॅस्टिक, दोन चाकं, खिडकीतून दिसणारी गडद तपकिरी फीत. कडेच्या पट्टीवर बॉलपेनने काही लिहिलेलं असेल: कुणाचं तरी लग्न, कुणाची मुंज, एक तारीख, किंवा नुसतंच ‘घरचं’. शाई उडत चालली असेल. अक्षर कुणाचं आहे ते ओळखता येतं का पाहा. घाई नाही.

ही फीत आता डीव्हीडीवर उतरवायची आहे आणि उतरवताना तिला चॅप्टर घालायचे आहेत. म्हणजे पुढे कुणी ती पाहायला बसलं की रिमोटवरचं एक बटण दाबून हव्या त्या ठिकाणी पोचेल. ते ठिकाण आज तुम्ही ठरवणार आहात. तीन तासांच्या या फितीत कुठे काय सुरू होतं, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. व्हिडिओवाल्याने ठरवलं नव्हतं आणि ज्यांचं लग्न होतं त्यांनीही नाही. त्या ठरवण्यापाशी आपण निवांत बसू.

आधी कॅसेटची काळजी. खिडकीतून गुंडाळीची कड नीट पाहा. पांढरट भुकटी किंवा जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने कपाटात राहिलेल्या कॅसेटना ती लागतेच. अशी कॅसेट चालवली की बुरशी व्हीसीआरच्या हेडवर जाते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर. ती जाणकाराकडून साफ करून घ्या, आज राहू द्या. कड स्वच्छ असेल तर कॅसेटच्या मागच्या कडेला असलेली छोटी प्लॅस्टिकची पट्टी पाहा. ती शाबूत असेल तर मोडून टाका. आता हिच्यावर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही.

मग ती व्हीसीआरमध्ये घालून एकदा शेवटपर्यंत पळवा आणि पुन्हा मागे आणा. वर्षानुवर्षं एकाच ताणात आवळून बसलेली फीत यामुळे मोकळी होते आणि पुन्हा सारखी गुंडाळली जाते. ही मिनिटं दुसऱ्या कामाला देऊ नका. आतल्या चाकांचा आवाज ऐकत बसा.

ही फीत किती लांब आहे, ते आता मनात मोजू. आपल्याकडच्या पाल पद्धतीत व्हीएचएसची फीत सेकंदाला सुमारे २.३४ सेंटिमीटर सरकते. मिनिटाला साधारण १.४ मीटर. तीन तासांची ई-१८० कॅसेट उलगडली तर अडीचशे मीटरच्या पुढे जाईल. मंगलाष्टका दहा मिनिटं चालल्या असतील तर त्या १४ मीटर लांब आहेत. पाठवणी पाच मिनिटांची असेल तर सात मीटर. फितीची रुंदी अर्धा इंच आणि तिच्यावर चित्र तिरकं लिहिलेलं असतं. व्हीसीआरच्या पोटात एक चकचकीत ड्रम मिनिटाला १,५०० फेऱ्या घेतो. त्याच्यावरची दोन हेड आळीपाळीने फितीवर तिरक्या रेघा ओढतात आणि अशी एक रेघ म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. आजीने पदर सावरला त्याला दीड सेकंद लागला असेल, तर तिचा तो हात ७५ रेघांत आहे.

इथे जरा थांबा. त्या ७५ रेघा गेली कित्येक वर्षं अंधारात, शेजारच्या रेघांना चिकटून, होत्या तशाच आहेत. त्यांना माहीत नाही की त्या महत्त्वाच्या आहेत.

जेव्हीसीने १९७६मध्ये जपानमध्ये व्हीएचएस आणली तेव्हापासून या फितीचा स्वभाव एकच आहे. कुठलंही ठिकाण गाठायचं तर मधलं सगळं ओलांडून जावं लागतं. पाठवणी पाहायची तर पंगत डोळ्यांसमोरून पळत जाते, आडव्या पट्ट्यांच्या गर्दीत वाढप्यांची धावपळ दिसते, आणि ‘थांब, थांब, मागे घे, तो बघ काका’ असं कुणीतरी म्हणतंच. १९९६ साली जपानमध्येच डीव्हीडी बाजारात आली आणि तिच्यात हा प्रवास उरला नाही. बटण दाबलं की लेसर थेट तिथे जातो. सोय मोठी आहे. पण काका आता वाटेत भेटणार नाहीत. त्यांच्यापाशी कुणी थांबावं असं वाटत असेल तर तिथे खूण आपल्याला करावी लागेल. आजच्या बैठकीत सारखं मनाशी आणायचं आहे ते एवढंच.

आता कॅसेट पहिल्यापासून लावा. प्ले करा. तिकडे रेकॉर्डिंग सुरू होऊ द्या.

तीन तासांची फीत उतरवायला तीन तास लागतात. कितीही महागडं यंत्र आणा, यात बदल नाही. बरेच जण कॅप्चर लावून उठून जातात, जेवून येतात, झोपतात. तुम्ही उठू नका. या कामाने तुम्हाला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हे तीन तासच आहेत. त्या दिवशी तिथे असलेल्या माणसांनी जो वेळ जसा घालवला, तो तुम्ही तेवढाच वेळ देऊन पाहता आहात. असं पुन्हा कदाचित कुणी पाहणार नाही.

या पहिल्या पाहण्यात एकही खूण करू नका. वही मिटलेली असू द्या.

समजा, कॅसेट लग्नाची आहे. १९८२मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं आणि पुढच्या काही वर्षांत लग्नघरी फोटोवाल्याच्या जोडीला व्हिडिओवालाही दिसू लागला. त्याच्याबरोबर दिवा धरणारा एक पोरगा. गणपतीच्या चित्रावरून फीत सुरू होते, सनई वाजते, फिरत फिरत नावं येतात. मग कार्यालयाची कमान, दारातली रांगोळी, गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुली. त्या पोराचा दिवा माणसांवर पडला की माणसं कशी बदलतात ते पाहा. बोलता बोलता गप्प होतात. हातातला घास तसाच राहतो. बायका पदर नीट करतात. मुलं मात्र दिव्याकडे धावत येतात. दिवा पुढे सरकला की मागे राहिलेल्या अर्धवट अंधारात माणसं पुन्हा आपापली होतात. त्या अर्धवट अंधाराकडे लक्ष असू द्या. चित्राच्या कडेला, दिव्याच्या बाहेर, जे चाललंय ते पाहा.

मध्येच मुंग्या येतील. चित्र फाटल्यासारखं होईल, पांढऱ्या रेघा सरकत जातील. ट्रॅकिंग हलवून बघा. तरीही राहिल्या तर राहू द्या. आणि त्या कुठे आल्या ते लक्षात ठेवा. फितीचा जो भाग पुन्हा पुन्हा लावला, पॉज करून धरला, मागे घेऊन परत पाहिला, तिथे हेड सर्वांत जास्त घासलेलं असतं. मुंग्या येण्याची दुसरीही कारणं असतात, सगळीकडे हाच अर्थ लावू नये. पण एखादं दहा सेकंदांचं ठिकाण खराब आहे आणि त्याच्या आगेमागे चित्र स्वच्छ आहे, असं दिसलं तर विचार करा: या घरात कुणीतरी इथे अनेकदा थांबलं होतं. कोण दिसतंय तिथे? कदाचित त्या लग्नानंतर वर्षभरात गेलेला एक मुलगा. कदाचित परदेशी निघून गेलेली बहीण, एरवी घरात जिचा फोटोही फारसा नव्हता. चॅप्टर घालणारे तुम्ही पहिले नाही आहात. तुमच्या आधी कुणीतरी, न लिहिता, तिथे खूण करून ठेवलेली आहे.

आवाजाकडेही असंच कान देऊन बसा. व्हीएचएसमध्ये साधा आवाज फितीच्या वरच्या कडेला एका अरुंद पट्टीत लिहिलेला असतो. तो घोगरा असतो, मागे गुणगुण असते. शिवाय व्हिडिओवाल्याने मिक्सिंग करताना बराचसा मूळ आवाज काढून त्या जागी सिनेमाची गाणी घातलेली असतात. हळदीवर एक गाणं, पाठवणीवर दुसरं, ठरलेलं. त्याने ते प्रेमाने केलं होतं, लोकांना तेच हवं होतं. पण गाणं संपतं आणि दुसरं सुरू होतं त्याच्या मध्ये कधी कधी चार-पाच सेकंद मूळ आवाज उघडा राहतो. तिथे भांड्यांचा आवाज आहे. ‘अगं, अक्षता दे इकडे’ असं कुणीतरी म्हणतंय. कुणीतरी हसतंय आणि ते हसणं तुम्ही लगेच ओळखता, कारण घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी ते आज आहे.

त्या चार सेकंदांसाठी चॅप्टर घालावा का? माझ्या मते, सगळ्यात आधी तिथेच घालावा.

फीत संपली. दुसऱ्या पाहण्याला आजच बसायचं कारण नाही. मध्ये एक रात्र जाऊ द्या. सकाळी उठल्यावर फितीतलं जे आपोआप आठवेल, ते वहीत उतरवा. वेळ, क्रम काही लिहू नका. नुसतं जे आठवलं ते.

आता यंत्र काय करतं ते पाहू, म्हणजे आपलं काम कुठे सुरू होतं ते कळेल. टीव्हीखाली ठेवायचे जे डीव्हीडी रेकॉर्डर मिळत, त्यांत ऑटो चॅप्टरची सोय असे. दर पाच, दहा किंवा पंधरा मिनिटांनी एक खूण, खाली काहीही चाललेलं असो. भटजी संकल्प सांगताहेत आणि अर्ध्या शब्दावर चॅप्टर तीन सुरू. संगणकावरची सॉफ्टवेअर थोडी पुढची. ती लागोपाठच्या चौकटी ताडून पाहतात आणि चित्र एकदम बदललं की प्रसंग बदलला असं धरतात. पण लग्नात फोटोवाल्याचा फ्लॅश उडाला की चित्र क्षणभर पांढरं होतं. मंगळसूत्र घालताना चार फ्लॅश उडाले की एकाच मंगळसूत्राचे चार चॅप्टर. मिनीडीव्हीच्या कॅसेटचं जरा वेगळं आहे. ती १९९५ची. तिच्यात चित्रासोबत तारीख-वेळही लिहिली जाते, त्यामुळे कॅमेरा जिथे जिथे बंद करून पुन्हा चालू केला ती ठिकाणं सॉफ्टवेअरला बिनचूक सापडतात. तोवर कॅमेरा घरातल्याच कुणाच्या तरी हातात आलेला होता. म्हणून त्या खुणा मी पुसत नाही. वडिलांना, मामाला, त्या क्षणी बटण दाबावंसं वाटलं, एवढी तरी माहिती त्यांत आहे.

व्हीएचएसच्या फितीत तीही नाही. तिथे सगळं तुमच्यावर आहे.

वही उघडा. फीत पहिल्यापासून लावा.

पहिल्या खुणा सोप्या आहेत. सीमांतपूजन, हळद, गौरीहर, अंतरपाट, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, पंगत, झाल, पाठवणी, माप ओलांडणं. त्या लिहून घ्या. त्या हव्यातच, पाहणाऱ्याला त्यांचा आधार लागतो. पण प्रत्येकीच्या खाली पुष्कळ जागा सोडा. विधी पोथीत आहे, भटजींच्या तोंडी आहे, दर मोसमात शेकडो कार्यालयांत तो पुन्हा होतो. या फितीत तो नसता तरी हरवला नसता. रुखवताच्या टेबलामागे उभी राहून, कॅमेरा आपल्यावरून कधी पुढे सरकतो याची वाट पाहणारी आत्या मात्र दुसरीकडे कुठेच नाही. आपली खूण तिच्यासाठी आहे. विधींच्या खाली सोडलेल्या जागेत माणसं भरा.

आता एक जागा घेऊन सावकाश विचार करू. मंगलाष्टका. त्या कुठे सुरू होतात?

भटजींचा पहिला स्वर लागतो तिथे, असं म्हणता येईल. तिथे खूण ठेवून पाहा. बटण दाबलं आणि एकदम स्वर. बरं वाटतं, पण जरा अंगावर आल्यासारखं होतं. थोडं मागे चला. अंतरपाट धरला गेला, दोन माणसं त्याची टोकं हातात घेऊन उभी आहेत, कापड अजून नीट ताणलेलं नाही. इथे? आणखी मागे चला. मामा मुलीला घेऊन येतोय. ती खाली पाहून चालते आहे आणि मामा समोरच्यांना हाताने बाजूला करतोय, एका हाताने तिचा खांदा धरून. त्याच्याही आधी अक्षता वाटल्या जाताहेत. लोक खुर्च्यांवरून उठताहेत. मागच्या रांगेतली एक म्हातारी बाई उठू शकत नाही, शेजारची मुलगी तिच्या मुठीत अक्षता ठेवून तिची बोटं मिटते आहे.

या चारही जागा बरोबर आहेत. एक निवडा. निवडण्याआधी प्रत्येक जागेपासून पुढची दोन मिनिटं पूर्ण पाहा. कुठून आत शिरलं की तुम्ही त्या गर्दीत उभे असता, आणि कुठून शिरलं की फक्त बघे असता? माझं मत त्या मिटलेल्या बोटांकडे जातं. मंगलाष्टका ऐकायला आलेल्याला तीन-चार मिनिटं थांबावं लागेल, पण तेवढ्या वेळात तो कार्यालयात पोचलेला असेल. तुमचं मत वेगळं पडलं तर तेच ठेवा. फक्त कारण स्वतःला सांगता आलं पाहिजे.

खूण ठेवताना ती किंचित आधी ठेवा. याला तंत्राचंही कारण आहे. डीव्हीडीवर चित्र एमपीईजी-२ पद्धतीने दाबून बसवतात. सेकंदाच्या पंचवीस चौकटींपैकी फार थोड्या पूर्ण लिहिल्या जातात. एक पूर्ण चौकट, आणि तिच्यामागून येणाऱ्यांत फक्त काय बदललं तेवढंच. पालमध्ये अशा एका गटात जास्तीत जास्त १५ चौकटी असतात, म्हणजे ०.६ सेकंद. चॅप्टर या गटाच्या तोंडाशीच बसतो, मधल्या चौकटीवर बसत नाही, कारण तिथे चित्र पूर्ण नसतं. तुम्ही नेमक्या क्षणावर बोट ठेवलं तरी सॉफ्टवेअर खूण अर्धा सेकंद इकडे-तिकडे सरकवू शकतं. उखाण्याचा पहिलाच शब्द त्यात कापला जाईल. म्हणून एक श्वास आधी. उखाणा घेण्यापूर्वी नवरी जी मान खाली घालते, बाजूच्या बायका ‘घे, घे’ म्हणतात, तिथपासून. खरं तर उखाण्यातलं पाहण्यासारखं बरंचसं तिथेच घडतं.

सगळीकडे खुणा करू नका. घरगुती सॉफ्टवेअरमध्ये एका चित्रफितीला सहसा ९९ चॅप्टरपर्यंत घालता येतात. ती मर्यादा गाठण्याचा मोह बाजूला ठेवा. पंगतीला एकच खूण पुरे. वीस मिनिटांची पंगत आहे, पाहणाऱ्याला आत येऊ द्या आणि मग तिथेच राहू द्या. वाढपी येतील, जिलबीचं ताट येईल, आग्रह चालेल, कुणी हात आडवा धरेल. जो पुढे पळायला अधीर आहे त्याला पळायला जागा नसावी, अशी एखादी लांब जागा प्रत्येक फितीत ठेवावी असं मला मनापासून वाटतं. आणि काही कापू नका. कॅमेरा चालू राहून दीड मिनिट नुसती सतरंजी आणि लोकांचे पाय दिसत असतील, तरी राहू द्या. त्या दीड मिनिटात आवाज आहे.

शेवटी फितीवर उरलेल्या जागेत पुष्कळदा भलतंच काही असतं. अर्धा बातम्यांचा कार्यक्रम, एखाद्या सामन्यातली दहा षटकं, जाहिराती. तिथेही एक खूण करा. त्या घरात लग्नानंतर पुन्हा रोजचे दिवस कसे सुरू झाले, ते तिथे दिसतं.

आता अवघड जागा. वही बाजूला ठेवा आणि थोडा वेळ नुसते बसा.

फितीत अशी माणसं आहेत जी आता नाहीत. पंगतीत वाढणारा दादा पुढच्याच वर्षी गेला. फीत मात्र त्याला हातात वरणाचं भांडं घेऊन दाखवते आहे, आणि तो कुणाला तरी थट्टेने काहीतरी म्हणतो आहे. इथे खूण ठेवाल तेव्हा तिला नाव काय द्याल? जे पुढे झालं त्याचं नाव इथे देऊ नये. त्या दिवशी तो वरण वाढत होता. तेच लिहावं: दादा वरण वाढताना. पाहणाऱ्यातल्या ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्या मुलांना माहीत नाही त्यांना दादा आधी हसताना भेटावा.

आणि अशीही नाती आहेत जी मोडली. ज्या दोघांचं हे लग्न, ते आज एकत्र नसतील. एखाद्या भावाशी बोलणं थांबलेलं असेल. तिथे खूण करायची की नाही, हे तुम्ही एकट्याने ठरवू नका. ज्यांचं आहे त्यांना विचारा. ते नको म्हणाले तर करू नका. खूण नसली म्हणून चित्र पुसलं जात नाही. ते तिथेच राहतं, फक्त कुणी बोट दाखवून तिकडे नेत नाही. आज नको असलेली खूण दहा वर्षांनी हवीशी वाटली तर तेव्हा घालता येते. म्हणून वहीत वेळ तेवढी लिहून ठेवा, नाव न लिहिता.

यानंतर डिस्कचा हिशेब. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं, आणि जुन्या फितीचं चित्र बऱ्यापैकी राहायचं तर एका डिस्कवर सुमारे दोन तास घ्यावेत. तीन तासांसाठी दोन डिस्क लागतील. फीत दुभंगायची ती जागाही चॅप्टरच आहे, सगळ्यात मोठा. डिस्क भरली म्हणून तिथे तोडू नका. आदल्या दिवसाची संध्याकाळ संपते आणि लग्नाची सकाळ उजाडते तिथे, किंवा पंगती उठून कार्यालय रिकामं होऊ लागतं तिथे थांबवा. पहिली डिस्क अर्धी रिकामी राहिली तरी चालेल.

मेन्यूवर प्रत्येक चॅप्टरला एक छोटं चित्र आणि नाव लागतं. काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट बसत नाही, जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. मग नावं वेगळी लिहून चित्र म्हणून घाला, पण मराठीतच लिहा. ज्या भाषेत ती माणसं एकमेकांना हाका मारत होती, त्याच भाषेत त्यांची नावं असावीत. घरात ज्या नावाने बोलावत तेच लिहा, कागदपत्रांवरचं नको. बेबीआत्या. गोट्या. खालची काकू.

नावं लिहिताना एक गोष्ट ध्यानात येईल: कित्येक चेहऱ्यांची नावं तुम्हाला ठाऊक नाहीत. हे सगळ्याच फितींत होतं. नवरीच्या मागे उभी असलेली ती करवली कोण? अक्षता वाटणारा, चष्मा लावलेला, सारखा दिसणारा माणूस कुणाकडचा? तुम्हाला माहीत नाही, पण माहीत असलेलं कुणीतरी अजून आहे. त्यांना गाठून विचारायचं.

तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी हेच केलं होतं. स्वामींच्या सहवासात राहिलेल्यांना गाठून त्यांनी एकेकाची आठवण विचारून घेतली, नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली आणि लीळाचरित्र उभं केलं. त्यातल्या लीळा लहान लहान आहेत. तत्त्वज्ञानाच्या जोडीला त्यांत कुणी काय रांधलं, कोण कुठे बसलं, कुणी कुणाला काय विचारलं, हेही आहे. आज आपल्याला ती माणसं चालती-बोलती दिसतात ती या बारीकसारीक गोष्टींमुळेच. जो सांगू शकतो तो आहे तोवर त्याच्याकडे जायला हवं, हे त्यांनी ओळखलं होतं.

म्हणून डिस्क लगेच बर्न करू नका. आधी एक कच्ची प्रत काढा आणि ती घेऊन घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडे जा. माई असतील, अण्णा असतील. त्यांच्याशेजारी बसा. रिमोट तुमच्याकडे राहू द्या, पण थांबायचं कुठे ते त्यांना ठरवू द्या. त्या ‘थांब’ म्हणतील ती जागा बहुधा तुमच्या वहीत नसेल. कार्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या एका बाईकडे बोट दाखवून माई म्हणतील, ‘ही आली होती होय? मला वाटलं होतं येणार नाही.’ मग पाच मिनिटं त्या काही बोलणार नाहीत, किंवा तासभर बोलतील. त्या बोलतील ते लिहून घ्या. परवानगी असेल तर फोनवर रेकॉर्ड करा. आणि दारातल्या त्या बाईपाशी खूण ठेवा.

मग शेवटची प्रत. एक नको, निदान दोन, आणि दुसरी दुसऱ्या गावातल्या घरी. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, मऊ टोकाच्या पेनने लिहा. उन्हापासून दूर ठेवा, कारण घरी बर्न केलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर उन्हाने खराब होतो. चित्रफितीची फाइल हार्ड डिस्कवरही ठेवा. मूळ कॅसेट टाकू नका. २०१६मध्ये जपानच्या फुनाई कंपनीनेही व्हीसीआर बनवणं थांबवलं, आता जे आहेत ते जुनेच आहेत. तरीही ती फीत ज्या दिवशी भरली त्या दिवशी तिथे प्रत्यक्ष होती, आणि ही गोष्ट कुठल्याच प्रतीबद्दल म्हणता येत नाही.

आणि वही. तास, मिनिट, सेकंद, कोण, कुठे, काय म्हणालं. डीव्हीडीचे प्लेयरही एक दिवस मिळेनासे होतील, फाइलचा प्रकार बदलेल, तेव्हा नव्या प्रतीला हेच चॅप्टर पुन्हा घालायला ही वही लागेल. तिच्या दोन फोटोकॉपी काढा. ज्या नावांपुढे प्रश्नचिन्ह राहिलं आहे त्यांची वेगळी यादी करा आणि चेहऱ्यांचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवा, नवरीकडच्यांना आणि नवरदेवाकडच्यांना, दोघांनाही. काहींना मेसेज दिसतो पण ओळख पटत नाही, किंवा लिहून कळवायचा कंटाळा येतो. त्यांना फोन लावा. दुपारी चारच्या सुमारास, त्यांची झोप आणि चहा झाल्यावर.